चार भिंतींतील गांजा : एक हिशेब



माझा विषय फळ्यावर लिहिला गेला त्या दिवसापासून बुधवारच्या बाजारात मला तीन माणसांनी थांबवले. एकाने विचारले, "काऊन भाऊ, युनियन सोडून आता शेती शिकवता काय?" दुसऱ्याला वाटले, मी व्यसनमुक्तीवर कीर्तन करणार. तिसरा नुसताच हसला, आणि त्याच्या हसण्याची मला अधिक काळजी वाटली. तेव्हा प्रथमच सांगून टाकतो. शेती शिकवावयाची नाही, कारण ती मला येत नाही. कीर्तन करावयाचे नाही, कारण तो अधिकार माझा नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर. तीस वर्षांत मला एकच विद्या नीट आली, ती म्हणजे पगाराच्या चिठ्ठीचा हिशेब. आज तोच करावयाचा आहे.

गोष्ट अशी घडली. आमच्या संघटनेतला एक मुलगा, वय तेवीस, बुटीबोरीकडे एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. हातात पडणारा पगार चौदा हजार. पाळी दर आठवड्याला बदलते. तलावाच्या अलीकडे एका घराच्या गच्चीवरील खोलीत तीन हजार रुपये भाड्याने तो राहतो. मार्च महिन्यात त्याचे घरमालक माझ्याकडे वीजमापकाचे आकडे लिहिलेली चिठ्ठी घेऊन आले. ते स्वतः निवृत्त विणकर, भला माणूस. म्हणाले, "भाऊ, या पोराच्या खोलीत एक बल्ब, एक पंखा. युनिटं पाहा. पोरगं बिजली खाते काय जी?"

मी वर गेलो. कपाटाचे दार उघडले तर आतून जांभळट उजेड बाहेर आला. चकचकीत कागद लावलेले, मोठा दिवा टांगलेला, आणि खाली चार कुंड्या. दोन रोपे वाळलेली, एकावर पांढरी बुरशी, आणि एक कसेबसे उभे. मोबाईलवरची चित्रे पाहून त्याने हा संसार मांडला होता. मी काही बोलण्याच्या आतच तो म्हणाला, "काका, मी कोनाले इकत नाही. आपल्यापुरतं तं हाय. कोनाचं काय बिघडवलं?"

हा प्रश्न टाकाऊ नाही. जगातील काही देशांनी त्याला "कोणाचे काही बिघडत नाही" असेच उत्तर दिले आहे. उरुग्वेने २०१३ साली सरकारदरबारी नोंद करून घरी सहा झाडे लावण्यास मुभा दिली. कॅनडाने २०१८ साली घरटी चार झाडांना, आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसास तीन झाडांना परवानगी दिली. मुलाला हे सगळे पाठ होते. आपल्या देशाचा कायदा मात्र त्याला ठाऊक नव्हता. पण कायदा थोडा मागे ठेवू. आधी पैसे पाहू.

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि वहीत मांडणी केली. दिवा ४०० वॉटचा, रोज १२ तास, म्हणजे ४.८ युनिट. त्या दिव्याची उष्णता आणि वर नागपूरचा उन्हाळा. म्हणून कूलर, २०० वॉटचा, चोवीस तास, म्हणजे आणखी ४.८. हवा फिरती राहावी म्हणून छोटा पंखा, ५० वॉट, अहोरात्र, म्हणजे १.२. एकूण दिवसाला १०.८ युनिट, महिन्याला ३२४. घरमालक पोटमापकावर युनिटला बारा रुपये घेतात. म्हणजे महिन्याला ३,८८८ रुपये. खोलीच्या भाड्यापेक्षा कपाटाचे भाडे जास्त! शिवाय दिवा, कुंड्या, कसलीशी विलायती खते, सगळे मिळून अकरा हजारांची खरेदी, तीही हप्त्याने. हा खर्च दोन महिने चालला आणि हाती काय आले? दोन वाळक्या काड्या आणि बुरशी.

घरमालकाच्या बाजूनेही हिशेब पाहिला पाहिजे. आपल्याकडे वीज टप्प्याटप्प्याने महागते. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांचा जो दर होता, त्याच्या दुपटीहून अधिक दर १०१ ते ३०० च्या टप्प्याला होता. एका कपाटाने सबंध घर वरच्या टप्प्यांत ढकलले. वहन आकार आणि वीज शुल्क वेगळेच. बारा रुपये घेऊनही म्हातारबुवांच्या गाठचे पैसे जात होते. युनिटांचे राजकारण आम्ही कामगारवस्त्यांत नेहमी समजावून सांगतो, पण ते असे कपाटात शिरलेले मी प्रथमच पाहिले.

बरे, रोपे मेली का? नागपूरचा माणूस हे पुस्तकाशिवाय सांगेल. मार्चअखेर गच्चीवरचे छत तापू लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आपला कूलर हवा थंड करतो तो पाणी उडवून. बंद खोलीत तीच ओल साचते. खस लावलेल्या कूलरपुढे आपण माणसे सुखाने झोपतो, पण आपल्या भिंतींना, पुस्तकांना आणि लोणच्यांना त्या ओलीचे काय होते हे घरातल्या बायकांना विचारा. म्हणजे कूलर बंद तर रोप भाजते, आणि चालू तर कुजते. यावर श्रीमंत देशात उपाय म्हणजे वातानुकूलन आणि ओल शोषणारी यंत्रे. त्याचा खर्च तिकडेही थोडा नाही. अमेरिकेतील इव्हान मिल्स या संशोधकाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, त्या देशातील एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का घरबंद गांजाच्या शेतीत जात होती, आणि एक किलो मालामागे सुमारे ४,६०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सुटत होता.

आता गंमत पाहा. ज्या झाडाला इतके लाड लागतात असे आपण समजतो, ते मुळात तणासारखे वाढणारे झाड. हिमालयाच्या उतारावर ते कोणी न लावता उगवते. त्याला ऊन फुकट, पाऊस फुकट, वारा फुकट. मग खोलीत आणले की ते राजपुत्र का होते? मुलाच्या वहीतला प्रत्येक रुपया मी तपासला. दिवा कशासाठी? ऊन चालत नाही म्हणून नव्हे, उन्हात ठेवले तर शेजारी पाहतो म्हणून. पंखा कशासाठी? खिडकी उघडली तर वास जातो म्हणून. झाडाचा खर्च मातीचा आणि पाण्याचा. बाकी सगळा खर्च लपवण्याचा.

आपल्या प्रांतात हे झाड नेहमीच लपून राहत नव्हते. माझे आजोबा सांगत की त्यांच्या तरुणपणी गांजाचे सरकारमान्य दुकान होते आणि संध्याकाळी माग सुटला की तिकडे जाणारे जात. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. या प्रांतातली गांजाची लागवड परवान्याखाली होई, ती निमाड जिल्ह्यातल्या खंडवा तहसिलीत. उघड्या शेतात, सरकारी देखरेखीखाली. माल कोठारात जमा होई आणि त्यावर कर बसे. इंग्रजाने हे परोपकाराने केले नाही, गल्ल्यासाठी केले. पण त्यानेच १८९३ साली चौकशी मंडळ नेमले, मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली. सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. १,१९३ साक्षी नोंदल्या. १८९४ साली अहवाल झाला. माफक सेवनाने सर्वसाधारणपणे अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि संपूर्ण बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरे, असा त्याचा निष्कर्ष. तो अहवाल आजही वाचनीय आहे. एवढ्या साध्या माणसांच्या साक्षी सरकारने पुन्हा किती प्रश्नांवर घेतल्या, हा विचार मनात येतोच.

त्या काळच्या कागदपत्रांत माझ्यासारख्याला सर्वांत आवडलेला माणूस म्हणजे बंगालमधील गांजाच्या शेतातला पारखी. त्याला पोद्दार किंवा पारखदार म्हणत. नर झाडे वेळेत ओळखून उपटणे हे त्याचे काम. ती राहिली तर पीक बिघडे. शेतकरी त्याला मजुरी देऊन बोलावी, त्याला गांजाचा वैद्यच म्हणत. म्हणजे उघड्या शेतातसुद्धा हे काम कुशल कारागिराचे होते. आमचा मुलगा मात्र तीन मिनिटांचे चित्र पाहून पोद्दार झाला! त्याच बंगालात, राजशाही जिल्ह्यातील नौगाव येथे, गांजा पिकवणाऱ्यांनी १९१७ साली सहकारी संस्था काढली आणि तिच्या नफ्यातून शाळा आणि दवाखाने चालवले. पुढे बांगलादेशात १९८७ साली ही लागवड बंद झाली. सहकाराच्या इतिहासात हे प्रकरण कोणी अभिमानाने सांगत नाही, पण ते घडले आहे.

मग उघडे झाड कपाटात कसे गेले? १९६१ साली न्यूयॉर्कला मादक द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. औषधाखेरीज गांजाचा वापर पंचवीस वर्षांत बंद करावा अशी सवलतीची मुदत त्यात होती. भारताने ती सवलत घेतली, आणि मुदत सरत आली तेव्हा १९८५ चा कायदा आला. नाव लांबलचक आहे : गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. पानांना, म्हणजे भांगेला, शेंड्यांशिवाय असतील तर या कायद्याच्या गांजाच्या व्याख्येतून वगळले आहे. म्हणून काही राज्यांत भांगेची परवान्याची दुकाने दिसतात. भांगेबाबत प्रत्येक राज्याचा नियम निराळा, हे मात्र ध्यानात ठेवा. याच झाडाला आयुर्वेदाने विजया म्हटले. आपल्या चौकातल्या आयुर्वेद महाविद्यालयात ते नाव औषध म्हणून शिकवले जाते. ते औषध वैद्याच्या हातून घ्यावयाचे आहे, कपाटातून नव्हे.

आता मुख्य गोष्ट. मी ती मुलाला दोनदा वाचून दाखवली, तुम्हालाही सावकाश सांगतो. कोणी गांजा ओढताना सापडला तर कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जवळ गांजा सापडला आणि तो एक किलोपर्यंत असला, तर तो अल्प प्रमाण धरला जातो, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण झाड लावले तर? कलम २० चा पहिलाच भाग. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तिथे किलो नाही, अल्प नाही, "आपल्यापुरते" हा शब्द नाही. एक झाड काय आणि एक एकर काय, कलम तेच. आपोआप उगवलेले झाड आणि लावलेले झाड यांत न्यायालये फरक करतात, हे खरे. पण डोक्यावर दिवा टांगलेले झाड आपोआप उगवले, असे कोणत्या वकिलाने सांगावे?

म्हणजे विकत घेणाऱ्याहून स्वतःपुरते लावणारा कायद्याच्या नजरेत मोठा गुन्हेगार. मुलाला वाटत होते की बाजारातून न घेता आपण कमी वाईट गोष्ट करतो आहोत. कायदा नेमका उलटा आहे. मला स्वतःला ही उलट मांडणी न्यायाची वाटत नाही. शिक्षा अपराधाच्या मापाने असावी असे मी मिल मजुरांच्या चौकशांमध्ये आयुष्यभर म्हणत आलो, इथेही तेच म्हणतो. तो कायदा बदलावा म्हणून बोलणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण बदलेपर्यंत तो चौदा हजारांच्या पोराला लागू आहे. पैसेवाला वकील लावील. या मुलाला जामीन मिळण्याआधीच ठेकेदाराच्या हजेरीपटावरून त्याचे नाव निघेल, आणि त्यासाठी ठेकेदाराला कलमाचीही गरज नाही.

आणि घरमालक? कलम २५ असे की, आपली खोली अशा गुन्ह्यासाठी वापरली जाते हे माहीत असून ज्याने वापरू दिली, त्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा. ते म्हातारबुवा चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले तोवर त्यांना माहीत नव्हते. दार उघडल्यानंतर माहीत झाले. "कोनाचं काय बिघडवलं?" याचे उत्तर तिथे जिन्यात उभे होते, धोतराचा सोगा हातात धरून.

रोपे त्याच संध्याकाळी नाहीशी झाली. ती कशी, हे मी या व्यासपीठावरून सांगत नाही.

नंतर मी त्याला चहाला नेले आणि विचारले, "हे सगळे कशासाठी रे?" मला वाटले मौज म्हणेल. तो म्हणाला, "झोप येत नाही, काका." एक आठवडा रात्रपाळी, पुढचा सकाळपाळी, पुन्हा रात्रपाळी. दिवसा पत्र्याखाली झोपावयाचे. एका मित्राने चिलीम दिली, त्या दिवशी झोप लागली. मग रोज लागू लागली, मग तिच्यावाचून लागेना. पुढे पोलिसांची भीती वाटू लागली, तेव्हा विकत नको म्हणून कपाट आले. चिलीम ओढून यंत्रावर उभा राहिलेला माणूस मी पाहिला आहे, त्याची दोन बोटे नंतर हातावर नव्हती. म्हणून मी गांजाची बाजू घेऊन बोलत नाही. पण त्या मुलाच्या पाळीचे वेळापत्रक मी पाहिले, आणि त्या ठेकेदाराकडे मागणीपत्र दिले आहे की पाळी किमान तीन आठवडे स्थिर ठेवा. उत्तर अजून आलेले नाही.

मुलाला घेऊन मी मेडिकलला मानसोपचार विभागात गेलो. चिठ्ठीचा खर्च किरकोळ. रांग मात्र सकाळभर. उपचारासाठी स्वतः पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ खाली, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यात, संरक्षण मिळू शकते, हेही फार थोड्यांना ठाऊक असते. १४४४६ हा सरकारचा बिनखर्चाचा दूरध्वनी आहे, तो लिहून घ्या. नाव सांगावयास लाज वाटत असेल त्यांनी शेजाऱ्यासाठी म्हणून लिहून घ्यावा.

दिव्याचे हप्ते अजून पाच राहिले आहेत. दिवा परत घ्यावयास दुकानदार तयार नाही. अध्यक्षांची परवानगी असेल तर आता प्रश्न घेतो. कलमांबद्दलचे प्रश्न मात्र तिसऱ्या रांगेत बसलेल्या आमच्या वकील मित्रांना विचारावे, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.