काजूच्या टरफलातलं वंगण



कोकणात काजूगर काढायला बसलेल्या बायकांचे हात तुम्ही पाहिलेत? राख किंवा तेल चोळल्याशिवाय त्या बीला हात लावत नाहीत. टरफलातलं तेल लागलं की कातडी भाजते, काळी पडते, सोलवटते. पूर्वी हेच तेल होड्यांच्या लाकडाला फासत. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

यंत्रातलं वंगण म्हणजे नुसतं तेल नव्हे. झीज थांबवणारे, गंज रोखणारे, तेल टिकवणारे पदार्थ त्यात थोडे थोडे मिसळलेले असतात. त्यांना ॲडिटिव्ह म्हणतात, आणि ते बहुतेक खनिज तेलापासूनच बनतात. लाकूड कापणाऱ्या यंत्रकरवतीच्या साखळीवरचं वंगण मात्र परत गोळा करता येत नाही, ते थेंबाथेंबाने मातीत जातं. अशा ठिकाणी मातीत जिरून संपणारं वनस्पती तेलच हवं. बैलगाडीच्या आसाला आपण एरंडेल घालत आलोच आहोत.

मोठी अडचण ही, की वनस्पती तेल तापलं की हवेने बिघडतं. तळणीच्या कढईच्या काठाला चिकट पिवळा थर धरतो ना, तसंच यंत्रातही होतं.

इथे काजू मदतीला येतो. टरफलातलं तेल तापवलं की त्यातल्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डनॉल मिळतं. त्याच्या रेणूला फिनॉलचं डोकं आणि 15 कार्बनची लांब शेपटी असते. डोकं स्वतःचा हायड्रोजन देऊन तेलाच्या बिघाडाची साखळी तोडतं, आणि शेपटीमुळे रेणू तेलात सहज मिसळतो. कारखान्यात फिनॉलला अशी शेपटी मुद्दाम जोडावी लागते. काजूच्या झाडाने ती आयती दिली आहे. शेपटीतले दुहेरी बंध मात्र हवेला बळी पडतात, म्हणून बऱ्याचदा ते हायड्रोजनने आधी भरून घेतात.

झाडापासून आलं म्हणून कार्डनॉल मातीत विरेलच, असं मी म्हणणार नाही. नेहमीच्या चाचणीत 28 दिवसांत किमान 60 टक्के विघटन दिसावं लागतं, आणि प्रत्येक नव्या संयुगाने ती परीक्षा द्यायलाच हवी.

टरफलं आज बऱ्याच ठिकाणी तशीच भट्टीत जातात. टरफलाच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा तेलाचा असतो, तोही धुराबरोबर जातो. आधी घाण्यावर तेल काढून घ्यावं, एवढंच माझं मागणं आहे. उरलेला चोथाही भट्टीत जळतो.