बागेची वही

आमच्या घरात लग्न काढायचं म्हटलं की पंचांग नंतर उघडतं. आधी प्रश्न येतो, ‘छाटणी कधी धरलीय?’ माझ्या धाकट्या दिराचं लग्न दिवाळीनंतर व्हायचं होतं, ते मे महिन्यावर गेलं. दिवाळीनंतर बाग फुलोऱ्यात असते, आणि फुलोऱ्यातली बाग सोडून आमच्याकडे कुणी वरातीत नाचायला जात नाही.

मी निफाड तालुक्यातली. कादवेच्या काठच्या एका गावात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. दोन ओळींत नऊ फूट, दोन वेलींत पाच फूट, म्हणजे एकरी साधारण साडेनऊशे वेली. माझं माहेर चांदवडकडचं, कांद्याचं. कांदा लावला, काढला, विकला की रान मोकळं होतं आणि माणूसही मोकळा होतो. द्राक्षाचं तसं नाही. वेल वर्षानुवर्षं एकाच जागी उभी असते आणि बाराही महिने काही ना काही मागत असते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, या घरात आणखी एक आजारी माणूस आहे, आणि त्याला एकटं सोडून कुठं जाता येत नाही.

शहरातले पाहुणे जानेवारी-फेब्रुवारीत येतात, लोंबणारे घड बघतात आणि म्हणतात, ‘किती छान!’ पण आमचं वर्ष सुरू होतं एप्रिलमध्ये, खरडछाटणीनं. अंगाची लाही होत असताना सगळी बाग पार बोडकी करायची. मग नव्या काड्या फुटतात. पुढच्या हंगामाचा घड याच काड्यांच्या डोळ्यांत, छाटणीनंतर चाळीस ते सत्तर दिवसांत तयार होतो. तो आपल्याला दिसत नाही. त्या दिवसांत काडीला ऊन कमी पडलं, पानांची गर्दी झाली, तर डोळा वांझ निघतो आणि ते कळतं थेट ऑक्टोबरनंतर. म्हणून भर उन्हात आम्ही बायका फुटी विरळ करत असतो, शेंडे मारत असतो.

ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, दहा-बारा दिवसांत डोळे फुगून फुटतात आणि तिथून घरातल्या सगळ्यांची झोप उडते. पाऊस आला की डाउनी, ढगाळ हवा राहिली की भुरी. पहाटे ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू झाला की मुलं गजर न लावता उठतात. मग पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. विरळणी, घड औषधात बुडवणं, पुन्हा विरळणी. मणी मोठा हवा तर घडातले कितीतरी मणी कात्रीनं काढून टाकावे लागतात. पहिल्या वर्षी माझा हातच चालेना. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, काढलेल्या मण्याकडं बघू नको, राहिलेल्याकडं बघ.’

या बागेत माझं असं एक काम आहे, ते म्हणजे वही. ती माझ्याकडे आली, ती ह्यांचं अक्षर वाईट म्हणून. निर्यातीसाठी बाग नोंदवली की प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते. तारीख, औषध, प्रमाण, कशासाठी मारलं ते. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांच्या यादीत कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं, ते दिलेलं असतं. पूर्वी हे सगळं कागदी काम वाटायचं. पण २०१० मध्ये वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आपल्या द्राक्षांत सापडले आणि युरोपात पोहोचलेला माल अडकून पडला. त्या वर्षी आमच्या भागात कितीतरी घरांतली चूल मंदावली. तेव्हापासून मी वही देवाजवळच्या कोनाड्यात ठेवते.

२०१७ च्या जानेवारीतली गोष्ट. मण्यांत पाणी उतरलं होतं, काढणीला महिना राहिला होता. सोसायटीचं कर्ज डोक्यावर, मुलगी बारावीला. दोन-तीन दिवस आभाळ आलं आणि बांधाकडच्या ओळींत घडांवर भुरी दिसली. संध्याकाळी हे दुकानातून एक बाटली घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, एका फवारणीत साफ. मी यादी काढली. त्या औषधाला काढणीआधी पन्नास दिवस हवे होते. आमच्या हातात तीस.

‘अहो, हे मारता येणार नाही.’

‘मग काय, सगळी बाग भुरीला देऊ?’

सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. अण्णा ओट्यावरून म्हणाले, ‘वहीनं बाग वाचत नसती, सूनबाई. औषधानं वाचती.’

त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी बीवाल्या द्राक्षांचे दिवस पाहिलेले, डोळ्यांदेखत बागा जाताना पाहिलेल्या. मी एवढंच म्हटलं, ‘मारा. पण मग मी ते वहीत लिहिणार. खोटं लिहायचं असेल तर ते तुम्ही तुमच्या अक्षरात लिहा.’

घरात कुणी बोललं नाही. ताटं तशीच उचलली गेली. रात्री हे बाहेर बॅटरी घेऊन बागेत फिरत होते, ते मला खिडकीतून दिसत होतं. पहाटे उठून मी चहा ठेवला तर बाटली ओट्यावर, सीलबंद. हे म्हणाले, ‘क्रेट काढ. खराब घड उतरवू.’ आम्ही घरची पाच माणसं दिवसभर बांधाकडच्या ओळी चाळत होतो. अकरा क्रेट घड काढले आणि लांब खड्ड्यात पुरले. अण्णा खड्ड्याच्या कडेला बसून होते. बाकी बागेवर जैविक बुरशीनाशक मारलं आणि आतली पानं काढून हवा खेळती केली. भुरी पुढे सरकली नाही. सरकली असती तर आज मी कुठल्या तोंडानं बोलले असते, ते मला ठाऊक नाही.

काढणीच्या आधी नमुना तपासणीला गेला. निकाल येईपर्यंतचे दिवस मला मुलीच्या परीक्षेपेक्षा जड गेले. नमुना पास झाला. काढणीच्या दिवशी पहाटे माणसं आली, साखर मोजली, रिंग लावून मणी मोजला. घड देठालाच धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, नाहीतर त्यावरची पांढरी झिलई जाते. दोन तृतीयांश माल निर्यातीला गेला, बाकीचा गावठी बाजारात. सोसायटीचा हप्ता गेला, मुलीची फी भरली. उरलं फारसं नाही, पण कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

दरवर्षी असं होत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अर्धा एकर माल वेलीवर होता. व्यापारी फोन उचलेनात. नियम पाळले होते, वही चोख होती, पण घ्यायलाच कुणी नव्हतं. शेवटी शेडमध्ये जाळ्यांवर पसरून बेदाणा केला. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, त्यात मजुरीही सुटली नाही. निफाडच्या थंडीत पारा खूप खाली येतो तेव्हा बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून धूर करतो, तो थोडाफार उपयोगी पडतो. बाजाराच्या थंडीला कसली शेकोटी पेटवायची?

लोक विचारतात, मग बाग तोडत का नाही? आमच्याही घरात ही चर्चा दर दोन वर्षांनी होते. शेजारच्या दोघांनी तोडली. आम्ही अजून ठेवली आहे, उद्याचं सांगत नाही.

सातबाऱ्यावर माझं नाव नाही. पण त्या जानेवारीनंतर एक बदल झाला. दुकानातून कुठलंही औषध घरात आलं की हे ते आधी माझ्यासमोर ठेवतात आणि विचारतात, ‘बसतंय का बघ.’ अण्णांची नजर आता अधू झाली आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून ते म्हणतात, ‘सूनबाई, आज काय लिहिलंस, वाच.’ मी वाचते. तारीख, औषध, प्रमाण, कशासाठी. ते मान हलवत ऐकतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)