आमच्या खुराड्यावर आलेली मानमोडी
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मला बोलायला उभे करू नका, असे मी चिटणीसबाईंना सांगितले होते. सातवी शिकलेल्या बाईने भाषण ते काय करायचे! पण त्या म्हणाल्या, "तुमच्या कोंबड्यांचे सांगा." ते सांगायचे तर माझी चूकही सांगावी लागते, म्हणून दोन दिवस मन तयार होईना. आज सांगते.

२०२२ च्या चैत्रात आमच्या परसात लहानमोठ्या २३ गावरान कोंबड्या होत्या. अंड्यांच्या पैशांवर घरातले मीठमिरची आणि मुलांच्या वह्या निघत. त्या आठवड्यात मी बाजारातून एक कोंबडा आणला. मोठा तुरेबाज, देखणा. घासाघीससुद्धा केली नाही. संध्याकाळी घरी आणला तो सरळ खुराड्यात सोडला. पाच-सहा दिवसांनी तो पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागला. चोच उघडून घरघर श्वास घेई, हिरवट पातळ हगे. मला वाटले, ऊन बाधले. सासूबाईंनी हळद-लसूण चारायला सांगितले, तेही केले. तो तर गेलाच; पण तिसऱ्या दिवशी पहाटे दार उघडते तो चार तलंगा मरून पडलेल्या. एक कोंबडी उभी होती, पण तिची मान पिळल्यासारखी पाठीकडे वळलेली. दाणा टिपायला जाई आणि चोच भलतीकडेच पडे. माझ्याने बघवेना.

मेलेल्या कोंबड्या मी पाटीत भरल्या आणि परसामागच्या उकिरड्यावर टाकल्या. ही एक चूक. दुसरी हिच्याहून वाईट. धडधाकट दिसणाऱ्या तीन कोंबड्या उचलून मी बाजारात नेल्या. म्हटले, मरण्याआधी चार पैसे तरी येतील. घेणाऱ्या बाईने विचारले, "चांगल्या आहेत ना हो?" मी होय म्हटले. ती कुठल्या गावची, मला ठाऊक नाही. तिच्या खुराड्याचे काय झाले असेल, हे आजही भाकरी थापताना मनात येते.

उकिरडा आमचा आणि शेजारच्या मावशींचा एकच. त्यांच्या कोंबड्या दिवसभर तिथेच उकरत. आठ-दहा दिवसांत त्यांच्या नऊच्या नऊ गेल्या. मावशी एकट्या, अंड्यांवरच त्यांचा वरखर्च. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

तेव्हा कुठे मी गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पहिल्यांदा मेलेली कोंबडी तपासणीला पाठवली, कारण बर्ड फ्लूतही कोंबड्या अशाच पटापट मरतात आणि तो माणसालाही होऊ शकतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला तो आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. म्हणून मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नये, कापू नये, दवाखान्यात कळवावे. आमचा रोग मानमोडीचा निघाला. डॉक्टर त्याला राणीखेत म्हणतात. १९२८ च्या सुमारास हिमालयातल्या राणीखेत गावी तो आढळला, म्हणून ते नाव. बिचाऱ्या गावाचा काय दोष!

या रोगाचे विष कोंबडीच्या विष्ठेतून, शेंबडातून पसरते. आपल्या चपलेला, पाटीला, अंडी नेणाऱ्याच्या टोपलीलासुद्धा ते चिकटून जाते. एकदा रोग लागला की त्यावर औषध नाही. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितले तेव्हा मला हळद-लसणाची आठवण झाली. माझ्या २३ पैकी तीन विकल्या, १८ मेल्या, दोन राहिल्या. त्यांतली एक मानवाकडी. उकिरड्यावरचे सगळे आम्ही खोल खड्ड्यात चुना घालून पुरले. खुराडे धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने घासले, चुना फासला आणि दोन महिने त्यात पिल्लू म्हणून ठेवले नाही. आता नवी कोंबडी आणली की दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवते. आधी आपल्यांना दाणा घालते, मग तिला.

औषध नसले तरी लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. दोन महिन्यांचे झाले की पंखाखाली टोचायची दुसरी लस. ही दुसरी लहान पिल्लांना देऊ नये, ती तिनेच आजारी पडतात. आजारी कोंबडीलाही देऊ नये. हे टोचणे आमचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी करायला सांगतात.

पण अडचण कुठे येते पाहा. टोचायच्या लशीची बाटली शंभर कोंबड्यांची. बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या बाईने काय करावे? म्हणून त्याच वर्षी दिवाळीनंतर मी घरोघर जाऊन कोंबड्या मोजल्या. काही घरी हसल्या. एका घरी तर मला उंबऱ्याबाहेरच उभे केले, आणि ते बरोबरच होते, माझ्या पायांची त्यांना भीती. पहिल्या खेपेला ६२ च जमल्या; उरलेली लस फेकली. तरी पुढच्या चैत्रात गल्लीत एकही खुराडे रिकामे झाले नाही.

मावशींना मी माझ्या पहिल्या खुडूक कोंबडीखालची आठ पिल्ली दिली. त्यांनी घेतली. आता त्यांच्याकडे ११ आहेत.

येत्या पंधरवड्यात पुन्हा टोचणे आहे. मावशींच्या धरून ९१ झाल्या आहेत, नऊ कमी पडतात. ज्यांनी आकडा दिला नसेल त्यांनी वाण घेऊन जाताना मला सांगावा. आणि त्या दिवशी कोंबड्या सकाळी सोडू नका बरे का, नाहीतर मागच्यासारखे डॉक्टरांना त्यांच्यामागे धावावे लागेल.