एकटीचा प्रवास आणि शहराची जबाबदारी
(युवती शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



रात्री दहाच्या सुमारास परक्या शहराच्या बसस्थानकावर एकटी उतरणारी स्त्री प्रथम काय पाहते? दिवा कोठे आहे, उघडे दुकान कोठे आहे, रिक्षांच्या रांगेपाशी आणखी कोणी स्त्री उभी आहे काय, हे ती पाहते. पत्ता विचारावा, तर आपण नवख्या आहोत हे उघड होते. न विचारावा, तर वाट चुकते. या भीतीला मनाचा दुबळेपणा म्हणून वाटेला लावण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः ती शहराच्या रचनेतून आणि समाजाच्या वागणुकीतून निर्माण झालेली आहे, आणि म्हणूनच तिची चर्चा चारचौघांत झाली पाहिजे.

ही भीती आजची नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे भाषण केले, तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या. अमेरिकेस का जावयाचे, हे सांगताना रस्त्यावरून चालणाऱ्या शिकू इच्छिणाऱ्या स्त्रीला लोकांची टिंगल, टक लावून पाहणे आणि प्रसंगी खडेही सोसावे लागतात, हे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. पतीला मागे ठेवून त्याच वर्षी त्या समुद्रापार गेल्या. त्या भाषणाला एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. तरीही एकट्या प्रवासिनीकडे वळणाऱ्या नजरांत पडायला हवा होता तेवढा फरक पडलेला नाही.

यावर समाजाचा ठरीव उपदेश असा, की एकटीने जाऊ नये. जावेच लागले तर कोणाला तरी सोबत न्यावे. हा उपदेश दोन कसोट्यांवर टिकत नाही. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीतील त्या तरुणीबरोबर सोबती होता. घरापर्यंत नेणारे विश्वासाचे वाहन मात्र मिळाले नाही, आणि दोघे एका खाजगी बसमध्ये चढले. पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरी कसोटी घराची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. म्हणजे स्त्रीला घरात कोंडल्याने ती सुरक्षित होत नाही. तिचे शिक्षण, नोकरी आणि जग पाहण्याची संधी तेवढी बुडते.

मग रस्ता सुरक्षित कशाने होतो? जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली शहरांवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की रस्त्याचे रक्षण मुख्यतः तेथील दुकानदार, रहिवासी आणि येणारेजाणारे यांच्या डोळ्यांनी होते. आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत चालणारी चहाची टपरी, भाजीची गाडी, फुलवालीची टोपली हेच ते डोळे होत. फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला. तरीसुद्धा सुशोभनाच्या नावाखाली नगरपालिका त्यांना हुसकावतात, आणि मागे उरतो तो निर्मनुष्य पदपथ. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस. टी.चे भाडे स्त्रियांना निम्मे झाले, हे स्वागतार्हच आहे. परंतु तिकीट स्वस्त करून स्थानकावरचा दिवा बंद आणि स्वच्छतागृहाला कुलूप ठेवले, तर अर्धे कामच झाले असे म्हणावे लागेल.

पोलीस चौकीचा प्रश्न याहून बिकट आहे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवून घेणे बंधनकारक आहे. परक्या शहरात हद्दी न जाणणाऱ्या स्त्रीसाठी ही तरतूद मोलाची आहे. पण ती ठाण्याची पायरी चढेल, तेव्हाच ना! "एकटी कशाला आलीस?" हा प्रश्न जोवर तक्रारीआधी विचारला जातो, तोवर कायदा कागदावरच राहणार.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्त्रियांच्या भीतीचे भांडवल करून गरीब, स्थलांतरित किंवा अन्यधर्मीय पुरुषांना रस्त्यावरून हाकलण्याची मागणी पुढे येते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या अभ्यासावर आधारलेल्या २०११ च्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात या मागणीला ठाम विरोध केला आहे. स्त्रीला काही काम असेल तरच रस्त्यावर थांबता येते, निष्कारण रेंगाळता येत नाही, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. एकाचा रस्ता काढून घेऊन दुसरीला देता येत नाही. रस्ता सर्वांचा असेल, तरच तो तिचाही असेल.

संविधानाच्या अनुच्छेद १९ ने भारतभर मुक्त संचाराचा हक्क दिला आहे. अनुच्छेद १५ ने दुकान, उपाहारगृह, हॉटेल येथे केवळ स्त्री म्हणून मज्जाव करण्यास मनाई केली आहे. तरीही एकट्या स्त्रीला खोली नाकारणारी लॉजेस गावोगावी आहेत. या हक्कांना अर्थ यावयाचा असेल, तर मागण्या साध्या आहेत. प्रत्येक स्थानकावर रात्रभर उजेड आणि उघडे स्वच्छतागृह असावे. शेवटच्या गाडीला जोडून शहर बस असावी. माफक दराचे स्त्री-प्रवासी निवास असावे. या मागण्या घेऊन आपापल्या नगरपालिकेच्या दारी जाणे, हे या शिबिरातून परतणाऱ्या प्रत्येकाचे पहिले काम ठरावे. परक्या गावाहून येणाऱ्या मुलीला आपले गाव कसे वागवते, यावरच त्या गावाची लोकशाही किती खरी, हे कळते.