मरहूमांचे घर आणि अज्ञान वारस
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी वकील नाही, शिक्षक आहे. तरीही आज कोर्टकचेरीचा विषय घेतला आहे. एखाद्या मुलाचे वडील अल्लाला प्यारे होतात आणि वर्षभरात ते मूल शाळा सोडल्याचा दाखला मागायला येते. राहते घर विकायचे ठरलेले असते. घर विकणे हा काही गुन्हा नव्हे. पण ते घर आता कोणाचे, हे आधी पाहिले पाहिजे.

थोडे गणित करू. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि एक तृतीयांशाच्या आतली वसियत भागवून 32 लाखांचे घर उरले. मागे विधवा, एक मुलगा व दोन मुली. मरहूमांचे आईवडील हयात नाहीत. हनफी शास्त्राप्रमाणे विधवेचा आठवा हिस्सा 4 लाख, मुलाचे 14 लाख, प्रत्येक मुलीचे 7 लाख. म्हणजे आई सही करते तेव्हा तिच्या मालकीचे त्यात फक्त 4 लाख असतात. बाकी 28 लाख मुलांचे.

कायद्याच्या भाषेत 18 वर्षांखालील मुलाला 'अज्ञान' म्हणतात. (विद्यार्थ्यांनी हसू नये, परीक्षेतल्या गुणांशी याचा संबंध नाही!) अज्ञान मुलाच्या मिळकतीचे पालक आपल्या शास्त्राप्रमाणे वडील, वडिलांनी नेमलेला वसी, आजोबा आणि आजोबांचा वसी एवढेच. मूल आईपाशी वाढते, पण त्याची मिळकत विकण्याचा अधिकार तिला आपोआप मिळत नाही. इमामबांदी खटल्यात 1918 साली प्रिव्ही कौन्सिलने हेच ठरविले. तो निकाल न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनी लिहिला होता. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. अशा विक्रीने मुलांचा हिस्सा जातच नाही. चुलत्यांची आणि थोरल्या भावाची सहीही चालत नाही. मग घेणाऱ्याचे पैसे अडकतात आणि विधवा दाव्यात सापडते.

यावर उपाय 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात आहे. मुलाचा ताबा कौटुंबिक न्यायालयाकडे असला, तरी मिळकतीच्या पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे पुण्यात शिवाजीनगरला, करावा लागतो. आईची नेमणूक होऊ शकते. मात्र नेमणूक म्हणजे विक्रीची परवानगी नव्हे. कलम 29 प्रमाणे ती वेगळी मागावी लागते. कलम 31 प्रमाणे गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच ती मिळते, आणि ते कारण न्यायाधीशांना हुकुमात लिहावे लागते. कोर्ट नातेवाइकांना नोटीस काढू शकते, जाहीर लिलावाने विकायला सांगू शकते, आलेली रक्कम कोर्टात भरायला लावू शकते. 'आमच्याच पैशासाठी आम्ही अर्ज करायचे का?' असे भगिनी विचारतात. त्यांचा राग मला समजतो; पण बरेचदा ती रक्कम केवळ कोर्टात असल्यामुळेच शिल्लक राहते. परवानगी हातात येईपर्यंत विसार घेऊ नये.

हा आपल्या आयांवरचाच अविश्वास आहे असे मात्र समजू नका. 1956 च्या कायद्याप्रमाणे हिंदू विधवेलाही मुलाची स्थावर मिळकत विकताना कोर्टाची परवानगी लागते. फरक असा की ती मुळातच नैसर्गिक पालक मानली जाते. माझ्या मते आपल्या मातांनाही ते स्थान मिळायला हरकत नसावी.

तूर्त वडिलांच्या हाती एक गोष्ट आहे. हयातीतच पत्नीला वसी नेमून ठेवावे, लेखी आणि साक्षीदारांसमक्ष. मग ती कायदेशीर पालक ठरते. इथे बसलेल्या किती जणांनी हे केले आहे?

आणखी एक. वारसा दाखला, ज्याला सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात, तो बँकेतली रक्कम, येणे, शेअर्स यांसाठी असतो. त्यावर घर विकता येत नाही. मृत्यूचा दाखला, मिळकत पत्रिका, मुलांचे जन्मदाखले एकत्र ठेवावेत. जन्मदाखला नसेल तर जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेचा उतारा शाळेच्या कार्यालयात मागावा. तिथे वेळ शाळेचीच आहे, शनिवारी सकाळची.