डॅशबोर्डवरचे तीन दिवे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर दिव्यांची एक रांग उजळते आणि इंजिन सुरू झालं की विझते. आपल्यापैकी बहुतेकांचा त्या दिव्यांशी संबंध तेवढाच. पण कधी तरी, बहुधा घाटात किंवा लग्नाला पोहोचायच्या घाईत, त्यातला एखादा पुन्हा लागतो. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर आपण ‘बघू पुढं’ म्हणून गाडी तशीच दामटतो, नाही तर दिसेल त्या पहिल्या गॅरेजात नेऊन सांगतील तो भाग बदलून घेतो. पहिल्यात इंजिन जातं, दुसऱ्यात पैसे जातात आणि कित्येकदा दिवा तसाच राहतो.

आज मी तीन दिव्यांबद्दल बोलणार आहे. बॅटरीच्या चित्राचा तांबडा, तापमापकाच्या चित्राचा तांबडा आणि इंजिनच्या चित्राचा पिवळा. तांबडा दिवा म्हणजे धोका आत्ता आहे. पिवळा म्हणजे घरापर्यंत जा, पण लवकर दाखवून घ्या. मात्र पिवळा दिवा उघडझाप करत असेल आणि गाडी मिसिंग करत असेल, तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबलेलं बरं. न जळलेलं पेट्रोल अशा वेळी सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग कायमचा निकामी होऊ शकतो.

या तिन्ही दिव्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तक्रार कोणत्या खात्यातली आहे, एवढंच दिवा सांगतो. बिघडलेला भाग कोणता, हे मोजूनच ठरवावं लागतं.

पहिला दिवा बॅटरीचा. चित्र बॅटरीचं असल्यामुळे पुष्कळ जण बॅटरीच बदलतात. वास्तविक इंजिन चालू असताना हा दिवा लागला, तर त्याचा अर्थ आहे की चार्जिंग होत नाही. बॅटरीचं मुख्य काम सेल्फ मारण्यापुरतं. एकदा इंजिन सुरू झालं की दिवे, पंखे, संगीत, इंजिनचा संगणक या सगळ्यांना वीज पुरवतो तो अल्टरनेटर. बॅटरीची झालेली तूटही तोच भरून काढतो.

याची तपासणी साध्या मल्टीमीटरनं होते आणि त्यात तीन आकडे लागतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ दिसले तर ती साधारण निम्मी रिकामी आहे. दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. त्या वेळी व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाऊ नये. तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा. साधारणपणे १३.५ ते १४.७ व्होल्ट मिळाले पाहिजेत, आणि हेडलाइट, एसी, पंखा सगळं चालू केल्यावरही त्यात मोठी घसरण होता कामा नये. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरी उकळून मरेल. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक मुद्दाम चार्जिंग कमीजास्त करतो. अशा गाडीत एका आकड्यावर निकाल देऊ नये, कंपनीच्या पुस्तकातली पद्धत बघावी.

आता समजा, नवी बॅटरी टाकली आणि तीही आठवड्याभरात बसली. मग गुन्हा बॅटरीचा नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी आली आहे का, बॉडीला जाणारी अर्थची वायर सैल आहे का, हे आधी बघा. तेही ठीक असेल, तर गाडी बंद असताना वीज कुठे तरी गळते आहे. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास गेला की सगळे संगणक झोपतात, आणि मग साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज जाऊ नये. बाहेरून बसवलेला कॅमेरा किंवा म्युझिक सिस्टीम अर्धा अँपिअर खात असेल, तर हिशेब करा. दिवसाला १२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी! अशा गाडीला कितीही बॅटऱ्या घातल्या तरी उपयोग नाही.

जुन्या पिढीतली एक चाचणी मात्र आता कटाक्षानं टाळायला हवी. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक, असं पूर्वी करत. आज असं केलं तर अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि हजारोंचा संगणक क्षणात जळू शकतो.

रस्त्यात हा दिवा लागला तर एसी आणि संगीत बंद करून जवळच्या सुरक्षित जागी पोहोचा, तोवर इंजिन बंद करू नका. पण त्याच वेळी तापमानाच्या सुईवर नजर ठेवा. कारण अनेक गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला असेल तर चार्जिंगबरोबर इंजिनमधलं पाणी फिरणंही थांबलेलं असतं. अशा वेळी बॅटरीचा दिवा ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना असते.

ते संकट म्हणजे दुसरा दिवा, तापमानाचा. इंजिनमधलं कूलंट साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचं असतं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते. ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तिच्यातलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. रेडिएटरच्या झाकणातही एक स्प्रिंग असते. ती आत दाब धरून ठेवते. वातावरणापेक्षा एक पट अधिक दाब असला की साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. म्हणून झाकणाचं रबर कुजलं तर तेवढ्यानंही गाडी उकळू शकते, आणि झाकण ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

याच कारणानं गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नये. उघडताक्षणी दाब जातो, १०० अंशांच्या वर तापलेलं पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर, हातावर येतं. घाटात बोनेट उघडून चेहरा भाजून घेतलेली माणसं आहेत. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, निदान पाऊण-एक तास थांबा. वरची नळी हाताला थंड लागू लागली की मगच जाड फडकं धरून झाकण हळूहळू सोडा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. सुई नुकती वर चढू लागली असेल आणि थांबायला जागा नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. उन्हाळ्यात ते असह्य होतं खरं, पण इंजिनची थोडी उष्णता आत खेचली जाते आणि तेवढ्यात एखादी जागा सापडते. तांबडा दिवा लागल्यावर मात्र एक मैलही पुढे जाऊ नये. आजची सिलिंडर हेड अॅल्युमिनियमची असतात. ती वाकतात, गॅस्केट उडते, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या गळक्या नळीपायी इंजिन उघडायची वेळ येते.

आणखी एक फसवी गोष्ट. खूप तापलेल्या गाडीची सुई अचानक खाली आली तर हुश्श करू नका. कूलंट पूर्ण गळून गेलं असेल तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो. त्याला स्पर्श करायला पाणीच नसतं, म्हणून तो कमी तापमान सांगतो.

गाडी गरम का होते, हे शोधायला पहिला प्रश्न असतो तो ‘कधी होते?’ सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते? मग पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासा, कारण वेगात असताना वारा पंख्याचं काम करतो. उलट शहरात ठीक आणि हमरस्त्यावर वेगात गरम होते? मग रेडिएटर आतून चोंदला असेल, नाही तर पंप पुरेसं पाणी फिरवत नसेल. मेकॅनिकला नुसतं ‘गरम होते’ न सांगता कधी होते ते सांगितलंत, तर त्याचं अर्धं काम तुम्हीच केलंत.

रेडिएटर चोंदण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे बोअरचं जड पाणी. चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कूलंट न गोठणं हा त्याचा एक गुण झाला. ते उशिरा उकळतं आणि आतला गंज रोखतं, हे गुण विदर्भातल्या मे महिन्यात जास्त कामाचे. मात्र गंज रोखणारी द्रव्यं काळानं संपतात, म्हणून पुस्तकात दिलेल्या मुदतीला ते बदलावं. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये.

आता तिसरा दिवा, पिवळा. पद्मिनी किंवा अॅम्बेसेडरच्या काळात हा दिवा नव्हता, कारण सांगायला आत कोणी नव्हतं. मेकॅनिक कानानं ऐकायचा आणि पेचकसानं कार्बोरेटर जुळवायचा. २००० सालच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि मोटारींतला कार्बोरेटर मागे पडत गेला. त्याच्या जागी संगणक आला. त्याला डोळे-कान म्हणून सेन्सर दिले: कूलंटचं तापमान, आत जाणारी हवा, क्रँकची स्थिती, धुरातला ऑक्सिजन. २०१० पासून आपल्याकडे गाडीनं स्वतःचा बिघड ओळखण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० रोजी देशभर भारत स्टेज सहा लागू झालं आणि ही पाळत आणखी बारीक झाली. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की बिघडाचा क्रमांक वाचता येतो.

इथेच खरी गफलत होते. उदाहरण घ्या, पी ०१७१. याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ही खबर प्रामुख्यानं ऑक्सिजन सेन्सरकडून मिळते, म्हणून सर्रास तोच बदलला जातो. पण तो खरं बोलत असण्याची शक्यता मोठी. हवेची एखादी नळी तडकली असेल, पेट्रोलचा पंप थकला असेल, नाही तर हवा मोजणारा सेन्सर धुळीनं माखला असेल. खबर आणणाऱ्यालाच शिक्षा द्यायची आणि चोर मोकळा सोडायचा, असा हा प्रकार आहे.

कूलंटच्या सेन्सरचं बघा. त्याची वायर तुटली की स्कॅनरवर पुष्कळ गाड्यांत उणे ४० अंश दिसतं. पुण्यात, एप्रिलमध्ये! हा आकडा बघून समजायचं की आधी वायर आणि कपलर तपासायला हवं. पावसाळ्यात बोनेटखाली आसरा घेणारे उंदीर वायरी कुरतडतात, हे वाहनमालकांना सांगायला नको. काही वेळा उलट होतं. सेन्सर पूर्ण बिघडत नाही, नुसता खोटं बोलू लागतो. इंजिन ९० अंशांवर असताना तो ५० सांगतो. संगणकाला वाटतं इंजिन थंड आहे, तो जादा पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज घसरतं, आणि पिवळा दिवा मात्र लागेलच असं नाही. यावर सोपी चाचणी आहे. रात्रभर सावलीत उभी राहिलेली गाडी सकाळी चालू न करता स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. मोठा फरक असेल तर दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे.

आणि एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळ्या सेन्सरांचे क्रमांक आले तर? पाच-सहा भाग एकाच दिवशी बिघडत नाहीत. आधी बॅटरी, अर्थ आणि चार्जिंग मोजा. व्होल्टेज पुरेसं नसलं की सगळेच सेन्सर बरळू लागतात. म्हणजे तिसऱ्या दिव्याचं उत्तर पहिल्या दिव्यापाशी सापडू शकतं. ‘टर्मिनल काढून लावा, दिवा जातो,’ हा सल्लाही ऐकू नका. दिवा जातो, पण त्याबरोबर बिघड झाला तेव्हा वेग किती होता, तापमान किती होता, ही संगणकानं लिहून ठेवलेली नोंदही पुसली जाते.

श्रोतेहो, मेकॅनिकांची बाजूही सांगितली पाहिजे. दोन तास मीटर घेऊन वायरी तपासणाऱ्यानं शेवटी सैल कपलर घट्ट केला, तर आपण म्हणतो, ‘एवढ्याचे पैसे कसले?’ आणि नवा सेन्सर टाकला की हजारोंचं बिल निमूटपणे देतो. शोधण्याची मजुरी आपण देत नाही, म्हणून शोधणं मागे पडतं आणि भाग बदलणं वाढतं. यात नुकसान आपलं, आणि चांगल्या कारागिराचंही.

तेव्हा पुढच्या वेळी दिवा लागला की गॅरेजात तीन गोष्टी करा. दिवा कधी लागला, गाडी कशी चालत होती ते नीट सांगा. भाग बदलण्याआधी काय मोजलं आणि आकडा किती आला, ते नम्रपणे विचारा, आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. तपासणीची मजुरी मात्र खळखळ न करता द्या, मग त्यातून नुसती एक सैल वायर निघाली तरीही.