रक्तातील क्षार आणि गर्भवतीचा रक्तदाब

नागपूरहून हावड्याकडे जाणारी आगगाडी दुर्ग सोडून पुढे निघाली, की थोड्याच वेळात भिलाईची धुराडी दिसू लागतात. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1955 साली करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्यासाठी दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून लोहखनिज आले, नंदिनीहून चुनखडी आली आणि बिलासपूरकडील हिर्रीच्या खाणीतून डोलोमाइट आला. चुनखडी हा मुख्यतः कॅल्शियमचा क्षार. डोलोमाइटात कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियमही असते. या द्रव्यांचे प्रमाण बिघडले तर पोलादाची जात बिघडते, म्हणून ती प्रमाणे काटेकोरपणे मोजावी लागतात.

लोह, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही तिन्ही द्रव्ये माणसाच्या रक्तातही असतात. कारखान्याबरोबर येथे कामगारांची मोठी वसाहत उभी राहिली. तीत देशाच्या सर्व भागांतील माणसे आली, तशी विदर्भातील मराठी कुटुंबेही आली. दुर्ग जिल्ह्याचा कारभार 1956 पर्यंत नागपूर राजधानीतूनच चाले. त्यामुळे या कुटुंबांना हा मुलूख अगदीच परका नव्हता. अशा घरातील एखादी पहिलटकरीण सातव्या महिन्यात तपासणीला जाते. रक्तदाब वाढलेला आढळतो, आणि रक्ताच्या अहवालात कॅल्शियमचा आकडाही थोडा खाली दिसतो. मग घरात साहजिकच प्रश्न निघतो: रक्तातील क्षार कमी झाला म्हणून रक्तदाब वाढला काय? आणि तो क्षार भरून काढला तर रक्तदाब उतरेल काय? प्रश्न साधा दिसतो; परंतु त्याच्या उत्तरावर आई आणि बाळ या दोन जिवांचे क्षेम अवलंबून असते.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. गरोदरपणाचे 20 आठवडे उलटल्यावर रक्तदाब 140 आणि 90 या आकड्यांवर, किंवा त्यांतील एकावर, जाऊन पोचला आणि किमान चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, तर तो गरोदरपणातील उच्च रक्तदाब समजतात. त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर परिणाम दिसू लागला, म्हणजे त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. पुढे आकडी आली तर ती एक्लॅम्प्सिया. या विकाराचे मूळ बव्हंशी वारेत असते. वारेला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या हव्या तशा रुंदावत नाहीत, वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात आणि साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. रक्तदाब वाढणे हे या आतील घडामोडीचे बाहेर दिसणारे चिन्ह होय. पहिलटकरणी, जुळी असलेल्या स्त्रिया, आधीच रक्तदाब वा मधुमेह असलेल्या स्त्रिया यांना हा धोका अधिक असतो. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांत आढळणारा सिकलसेलचा आजार असेल, तरीही तो वाढतो.

आता क्षारांकडे वळू. अशा रुग्ण स्त्रियांचे रक्त आणि निरोगी गर्भवतींचे रक्त शेजारी ठेवून तपासण्याचे काम अनेक रुग्णालयांत झाले आहे. आजारी स्त्रियांच्या रक्तात कॅल्शियम सरासरीने थोडे कमी असल्याचे पुष्कळदा दिसून आले. मॅग्नेशियमच्या बाबतीत निष्कर्ष एकसारखे नाहीत. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. रक्त घेतले तेव्हा विकार सुरू झालेला होता. क्षार घटल्यामुळे तो झाला, की त्याच्यामुळे क्षार घटला, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

दुसरीही एक अडचण आहे. शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तातील अंश अल्प असतो आणि गळ्यातील छोट्या परावटू ग्रंथी तो मोठ्या दक्षतेने सांभाळतात. आहारातून कॅल्शियम आले नाही, तर त्या हाडांतून ते काढून रक्तात आणतात. म्हणजे घरातील कोठार रिते होत असले, तरी ताटातील वाढप पुष्कळ काळ तसेच दिसते. याउलट, गरोदरपणात रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, अल्ब्युमिन हे प्रथिन विरळ होते आणि त्याला चिकटलेले कॅल्शियमही कमी मोजले जाते. शरीराच्या उपयोगी पडणारे मोकळे कॅल्शियम मात्र बहुधा पूर्ववत असते. तेव्हा अहवालातील आकडा बरा दिसला म्हणून आहार पुरेसा आहे असे ठरत नाही, आणि तो किंचित उतरला म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही.

मग कॅल्शियमचा या विकाराशी संबंध असावा, ही कल्पना आली कोठून? ती आली मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशातून. तेथील माया लोक गरीब, त्यांचा आहार बेताचा. तरीही त्यांच्या स्त्रियांत एक्लॅम्प्सिया फारसा आढळत नसे. हे लोक मका दळण्यापूर्वी चुन्याच्या पाण्यात भिजवीत आणि त्या चुन्यातून त्यांच्या पोटात पुष्कळ कॅल्शियम जाई. होसे बेलिझान आणि होसे व्हिलार या संशोधकांनी 1980 साली या निरीक्षणावरून आपले अनुमान मांडले. पुढे अर्जेंटिनात 1,194 पहिलटकरणींवर प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांना रोज 2 ग्रॅम कॅल्शियम दिले, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या परंतु औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. 1991 साली निकाल प्रसिद्ध झाला. कॅल्शियम घेणाऱ्यांत रक्तदाबाचे विकार 9.8 टक्के, तर इतरांत 14.8 टक्के होते.

एवढ्यावर कोणीही हर्षभरित व्हावे. परंतु शास्त्र एका साक्षीवर न्याय देत नाही. अमेरिकेत 4,589 निरोगी पहिलटकरणींवर असाच प्रयोग झाला आणि 1997 सालच्या निष्कर्षांत काहीच लाभ दिसला नाही. तेथील स्त्रियांच्या आहारात कॅल्शियम मुळातच पुरेसे होते. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांत, जेथे आहारात कॅल्शियम कमी असते अशा ठिकाणी, 8,325 स्त्रियांवर प्रयोग केला. 2006 सालच्या त्याच्या निकालाप्रमाणे प्रीएक्लॅम्प्सियाच्या एकंदर प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. परंतु एक्लॅम्प्सिया आणि विकाराची तीव्र रूपे कमी झाली. सारांश, जिच्या आहारात कॅल्शियमची उणीव आहे तिला त्याचा काही आधार मिळतो. ते म्हणजे विकार टाळणारी हमखास ढाल नव्हे, आणि चढलेला रक्तदाब त्याने उतरत नाही.

छत्तीसगडच्या ताटात मुख्य अन्न भात. सकाळी बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवून ठेवलेला भात, आणि त्याबरोबर एखादी भाजी. तांदळात कॅल्शियम नाममात्र असते. नाचणीत मात्र ते 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम असते. दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला ही त्याची इतर साधने. ती सर्व घरांना रोज परवडत नाहीत, हे ओळखून भारत सरकारने 2014 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. गरोदरपणाच्या 14 व्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या, प्रत्येक गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम, असे त्यांत सांगितले. त्यासाठी रक्तातील कॅल्शियम आधी मोजण्याची अट घातलेली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही गोळी जेवणानंतर घ्यावी आणि लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे, नाहीतर लोह नीट शोषले जात नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बंगळूर आणि टांझानियातील दार-एस-सलाम येथे प्रत्येकी 11,000 स्त्रिया होत्या. रोज 500 मिलिग्रॅमची मात्रा 1,500 मिलिग्रॅमच्या तुलनेत प्रीएक्लॅम्प्सियाच्या बाबतीत उणी ठरली नाही. तेव्हा अधिक गोळ्या घेतल्याने अधिक गुण येतो, ही समजूत सोडून द्यावी.

मॅग्नेशियमची कथा निराळी आहे. त्याच्या गोळ्या घेतल्याने हा विकार टळतो, असे सिद्ध झालेले नाही. परंतु आकडी थांबविण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन हेच सर्वांत गुणकारी औषध ठरले आहे. 1995 सालच्या, भारताचाही सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात, पुन्हा आकडी येण्याचे प्रमाण डायझेपामच्या मानाने मॅग्नेशियमने निम्म्याहून कमी केले. 2002 साली 33 देशांतील 10,141 स्त्रियांच्या प्रयोगाने दाखविले, की प्रीएक्लॅम्प्सियात ते आधीच दिले तर आकडी येण्याचा धोकाही निम्म्याहून कमी होतो. हे औषध स्वस्त आहे. पण मात्रा जपावी लागते. गुडघ्याचा झटका, श्वास आणि लघवीचे प्रमाण पाहत राहावे लागते. मॅग्नेशियम अधिक झाले तर त्यावर उतारा म्हणून देतात ते कॅल्शियमच. बैतूल जिल्ह्यातील पाढरच्या रुग्णालयाने कमी मात्रेची पद्धत वापरून पाहिली आणि 2009 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण स्त्रीला मोठ्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा प्रशिक्षित आरोग्यसेविकेने द्यावी, अशीही तरतूद आपल्याकडे आहे.

मिठाविषयीही एक समज रूढ आहे. पायांवर सूज दिसली, की सुनेचे मीठ तोडतात. मीठ तोडल्याने प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही. उलट, “पहिलटकरणीच्या पायांवर सूज यायचीच,” असे म्हणून मीठ तेवढे बंद केले आणि तपासणी लांबणीवर टाकली, तर मोलाचे दिवस वाया जातात. गरोदरपणात पायांवर थोडी सूज अनेकींना येते. तोंडावर आणि हातांवर एकाएकी आलेली सूज मात्र दुर्लक्षू नये. डोके सतत ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधारी येणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. रक्तदाब 160 किंवा 110 पर्यंत चढला असेल, तर ती तातडीचीच वेळ होय. बाळंतपण झाले म्हणजे भय सरले असेही नाही; आकडी बाळंतपणानंतरही येऊ शकते.

भिलाईच्या गृहिणीला सेक्टर 9 मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय जवळ आहे. भोवतालच्या खेड्यांत 2002 पासून मितानिनी काम करीत आल्या आहेत. छत्तीसगडीत मितानिन म्हणजे जिवाची मैत्रीण. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तेथे पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून रक्तदाब मोजवून घ्यावा, लघवी तपासून घ्यावी आणि दोन्ही नोंदी कार्डावर लिहून घ्याव्यात. ज्यांचा धोका अधिक आहे, त्यांना डॉक्टर चौथा महिना संपण्यापूर्वी अॅस्पिरिनची लहान मात्राही सुरू करतात. परंतु ती त्यांच्याच सल्ल्याने घ्यावयाची असते.

क्षारांचे महत्त्व यात कमी होत नाही. कॅल्शियमची गोळी नेमाने घ्यावी, लोहाची वेगळ्या वेळी घ्यावी, नाचणी आणि दूध जमेल तेवढे ताटात असावे. परंतु रक्तातील क्षारांचा आकडा गर्भवतीचे भविष्य सांगत नाही. वेळच्या वेळी मोजलेला रक्तदाब मात्र धोक्याची सूचना देतो. भिलाईच्या भट्टीत काय घातले याचा हिशेब ठेवतात, तसेच भट्टीवरील दाबमापकावरही कामगार पाळीपाळीने लक्ष ठेवतो. त्याच कामगाराच्या घरी दिवस भरत आलेली स्त्री असेल, तर तिच्या दंडावर बांधल्या जाणाऱ्या त्या साध्या पट्ट्याला तेवढाच मान मिळाला पाहिजे.